बाहेरून दोन ठोके

वीज आता लवकर येणार नाही. बसा तसेच.

ही गोष्ट सांगावी की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने असलं बोलू नये. पण भिकाजी माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलणारा नव्हे. म्हणजे, एकदाच बोलला होता.

१९७९ सालची सतरा नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी महाडच्या बाजारात तो राळ घेताना भेटला.

"जयभीम, सर. सोमवारच्या उधाणाला होडी पान्यात घालायची हाय."

"तीच जुनी?"

"तीच. शिडाला ठिगळं लावली, डोलकाठीचे दोर बदलले. फटी तेवढ्या ऱ्हायल्या. वैनीला दोन पोरी हायत, होडी चालली तर घर चालंल."

वैनी म्हणजे चंपाबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको. तो भाऊ, जानू, आदल्या वर्षी दासगावच्या खाली याच होडीत पाणी भरून बुडाला होता.

फटी भरण्याची त्यांची एक रीत होती. काळोख पडला की एकाने कंदील घेऊन होडीच्या पोटात उतरायचं. दुसऱ्याने बाहेरून बघायचं. जिथून उजेड दिसेल तिथे लाकडी मोगरीचे दोन ठोके. आतल्याने तिथे कापूस ठासायचा, वरून राळेचा लगदा दाबायचा आणि एक ठोका द्यायचा. एक म्हणजे भरली.

त्या रात्री सावित्री नदीच्या काठावर, सव गावासमोर, भिकाजी आत होता आणि चंपाबाई बाहेर.

"भावोजी, झोपलाव काय?"

"तुमची मोगरी मेलेल्याला उठवंल. झोपतोय कुठला!"

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

साडेअकराच्या सुमारास चंपाबाई बाहेरून काहीतरी म्हणाल्या. ठोकाठोकीत त्याला नीट ऐकू आलं नाही. तो नुसता "हां" म्हणाला.

थोड्या वेळाने दोन ठोके आले. डावीकडच्या अगदी तळाच्या फळीवर.

त्याचा हात थांबला. आदल्या वर्षी जानू बाहेर होता आणि हा आत. याच फळीवर जानूने दोन ठोके दिले होते. कापूस संपला होता, झोप अनावर झाली होती. भिकाजीने फटीत चिखल कोंबला, वरून तेल फासलं, आणि... एक ठोका दिला.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्याने मुठीएवढा कापूस ठासला. राळ दाबली. एक ठोका दिला.

दोन ठोके आले.

पुन्हा ठासला. एक.

दोन.

"वैनी, भरली गो!"

फक्त दोन ठोके. सावकाश.

कापूस संपला. त्याने अंगातला सदरा फाडून कोंबला. एक.

दोन.

"वैनी...?"

दोन.

मग तो रडत ओरडला, "जानूदादा, गेल्या साली मी चिखल भरला रे!"

सगळं शांत झालं. पाण्याचाही आवाज नाही.

वरून दुसऱ्या कंदिलाचा उजेड पडला. होडीच्या काठाशी चंपाबाई उभ्या होत्या, हातात राळेचा डबा.

"वैनी, कवा आलात?"

"आत्ताच. राळ आनायला घरला जाते म्हनून सांगितलं, तुमी हां म्हनलाव."

चंपाबाईंनी डबा खाली ठेवला.

"काय भरला व्हता, भावोजी?"

रविवारी उजाडताच तो माझ्या दारात आला. सगळं सांगितलं. थंडीने लाकूड आकसतं, असे आवाज येतात, असं मी समजावलं. सांगताना मलाच ते खरं वाटेना. मी त्याच्याबरोबर काठावर गेलो.

होडी डाव्या अंगावर कलती होती. ती फळी खडकाला घट्ट टेकलेली. मधे करंगळी जाईना. मी स्वतः घालून पाहिली. मोगरी मारायला तिथे हात पोचणं शक्य नव्हतं... निदान मला तरी तसं वाटलं.

चंपाबाईंनी होडी उलटी करायला लावली. आम्ही सहाजण लागलो.

काळ्या, तेलकट फळीवर मोगरीचे खळगे उमटले होते. ताजे. आतलं लाकूड पांढरं दिसत होतं.

भिकाजी गुडघ्यांवर बसला आणि एकेक खळगा बोटांनी चाचपू लागला. टोकापर्यंत गेला. परत पहिल्यापासून सुरू केलं.

"हाय का एकला, भरली म्हननारा?" चंपाबाईंनी लांबूनच विचारलं.

मीही वाकून मोजले.

सगळे जोडीनेच होते.