लहान खोलीचा नमुना

आयुष्यभर लोकांच्या भिंतींना भोकं पाडून ती पुन्हा बुजवून देणाऱ्या या माणसाला बांधकामवाले भोकशास्त्री म्हणत. तोही ते हसून घ्यायचा. काम तसं साधंच. जुन्या घरात तोडफोड करण्याआधी त्याला बोलवायचं. धूळ उडू नये म्हणून तो भिंतीवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, बोटाएवढी पोकळ नळी हाताने फिरवत आत घालायचा, निघालेला तुकडा पिशवीत टाकायचा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर चिठ्ठी लावायची : कुठलं घर, कुठली खोली. शेवटी भोकात पुट्टी भरून अंगठ्याने दाबली की झालं.

पूर्वी आगीच्या भीतीने भिंतींच्या आतल्या बोर्डात सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस घालत. गिऱ्हाइकांना तो एकच वाक्य ऐकवायचा, "निजलंय तोवर निजू द्या. फोडलंत की उठलंच समजा." उठलं म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर छातीत शिरतात आणि वीस-पंचवीस वर्षं तिथे गप्प बसून राहतात. वर्षभरापासून मात्र हे वाक्य म्हणताना त्याची जीभ अडखळायची. वर्षापूर्वी त्याची ताई गेली होती.

भाचीचा फोन आला तेव्हा तो हत्यारं पुसत बसला होता.

"मामा, घर घेतलंय आम्ही. जुनं आहे, पण ऐसपैस आहे. लहान खोलीची एक भिंत पाडायची म्हणतोय. तू बघून दे ना. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?"

तेवीस वर्षांपूर्वी तिच्या आईने हेच शब्द वापरले होते. तो हो म्हणाला. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

घर रिकामं होतं. भाची, जावई आणि त्यांची चार वर्षांची चिमी सगळे हजर होते. जावई बोलका गडी, हातात नकाशा घेऊन फिरत होता. इथे ओटा, इथे कपाट, आणि लहान खोली चिमीची. तिच्या आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत रविवारी पाडायची, गवंडी ठरलेला. हॉलमधून तुकडा घेतला, स्वयंपाकघरातून घेतला, तोवर जावयाची बडबड चालूच होती. लहान खोलीच्या दाराशी आल्यावर मात्र तो कुजबुजत म्हणाला, "ही बघा, हीच ती भिंत."

भाचीही हळूच म्हणाली, "चिमे, आवाज करू नकोस."

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावई हसला. "हे काय! कोणी झोपलंय का इथे?"

तोही हसला, पण आत जाताना आपण टाचा उचलून चालतोय हे त्याच्या लक्षात आलं. खोली उबदार होती. खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या खोलीत कोंदट वास येतो; इथे पांघरुणाचा, तेल लावलेल्या केसांचा वास होता. भिंतीचा रंग मळकट करडा. त्याने तुकडा काढला, चिठ्ठीवर "लहान खोली" असं ठळक लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. हे दोन शब्द लिहिताना त्याचा हात नेहमीच जड व्हायचा.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. वीस वर्षांची ओळख, त्यामुळे त्या आडपडदा ठेवत नसत.

"भोकशास्त्री, अ‍ॅस्बेस्टॉस नाही कशातच. पण एक विचारू? हॉल आणि लहान खोली, दोन्ही तुकडे एकाच भिंतीचे आहेत. वर सायीचा रंग, खाली हिरवा, थरांची जाडीसुद्धा तंतोतंत. घाई होती का?"

"नाही हो. मी स्वतः काढलाय. करडी भिंत आहे."

"माझ्यासमोर सायीचा तुकडा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं."

बाईंना काय ठाऊक, की तो असं खरोखरच एकदा वागला होता! एकदाच. ताईच्या घरी. हॉलमधला तुकडा काढून तो लहान खोलीकडे वळला, तेव्हा ताई चहा गाळता गाळता म्हणाली होती, "हळू रे, पोरगी झोपलीय." त्याने दारातून डोकावून पाहिलं. गुलाबी भिंत, तिच्यावर चंदेरी चांदण्या चिकटवलेल्या, भिंतीला टेकवलेली खाट, आणि पांघरुणात मुटकुळं करून पडलेली सात वर्षांची भाची. तिला उठवा, खाट सरकवा, पाणी फवारा... त्याच्या जिवावर आलं. सगळं घर एकाच वेळी बांधलेलं, म्हणजे भिंतीही सारख्याच असणार. तो मागे फिरला, हॉलच्या भिंतीचाच आणखी एक तुकडा काढला आणि चिठ्ठीवर लिहिलं : लहान खोली. मग चहा घेतला.

अहवाल निर्धोक आला. भावोजींनी ती भिंत स्वतःच्या हाताने पाडली आणि ताई तीन दिवस केरसुणीने धूळ झाडत राहिली. भावोजी आजही ठणठणीत आहेत. ताईला एकवीस वर्षांनी धाप लागायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "कधी कारखान्यात काम केलंय का?" ताई म्हणाली, "छे हो, घर सोडून कुठे गेलेच नाही." तो तिच्या उशाशीच उभा होता. त्या क्षणी बोलायला हवं होतं. त्याच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. ते घरही आता राहिलं नव्हतं. त्याच्यावरून रुंद रस्ता गेला होता.

दुसऱ्या खेपेला तो एकटाच गेला. भर दुपारी, स्वच्छ उन्हात. लहान खोलीतलं आधीचं भोक नीट बुजलेलं होतं. त्याच्याशेजारी नळी फिरवली, करडा तुकडा डोळ्यांनी पाहिला, पिशवीत टाकला, उजेडात धरून पुन्हा पाहिला. करडाच. पुट्टी भरायला वाकला तेव्हा भोकातून गरम हवा गालाला लागली. ती लागायची आणि थांबायची. लागायची आणि थांबायची. झोपलेल्या लहान मुलाचा श्वास जसा संथ चालतो तशी.

तो घाईघाईने पुट्टी दाबून बाहेर आला. दार मात्र हलकेच लावलं.

"सायीचा आणि खाली हिरवा," शुक्रवारी बाई म्हणाल्या. अहवालावर सही करून त्यांनी तो पाठवून दिला. निर्धोक. जावयाचा लगेच फोन आला, "वा मामा! मग परवा हातोडा."

शनिवारी दुपारी त्याने भाचीला त्या घरी एकटीलाच बोलावलं. दोघं रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली. त्याने घसा खाकरला.

"ती भिंत पाडू नका."

"अरे, पण तूच तर—"

"अहवालात काही नाही. पण पाडू नका." तिच्याकडे बघत बोलणं त्याला जमेना, म्हणून तो नळाकडे बघत बोलला. सगळं बोलला. खाट, चांदण्या, चिठ्ठी, चहा, केरसुणी. डॉक्टरांचा प्रश्नसुद्धा. "तुझी आई माझ्यामुळे गेली," एवढं म्हटल्यावर त्याला रडू फुटलं.

भाचीच्या हातातली किल्ली वाजत होती.

"मी जागी होते, मामा."

त्याने मान वर केली.

"उठले तर आई अभ्यासाला बसवेल म्हणून डोळे मिटून पडले होते. तू दारात आलास, उभा राहिलास, परत गेलास. सगळं कळत होतं मला. नुसती हाक मारली असतीस ना, तर उठले असते रे."

दोघंही लहान खोलीच्या दाराकडे बघत राहिली. आतून येणारा संथ श्वासाचा आवाज आता भाचीलाही ऐकू येत होता. तिने मामाचा दंड घट्ट धरला.

"मारू हाक?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

तो दारात उभा राहिला. टाचा टेकवून, पाय रोवून. आणि चांगला मोठ्याने म्हणाला,

"ऊठ गं बाळ. जरा बाहेर ये. मामाला काम करायचंय."

श्वास थांबला.

खोलीत काहीच हललं नाही. फक्त ऊब गेली, आणि त्याच्या कोपराला काहीतरी ओझरतं घासून गेलं.

त्याने तिसरा तुकडा काढला. या वेळी हात जड झाला नाही.

पिशवी घेऊन तो थेट प्रयोगशाळेत गेला आणि बाकावर बसून राहिला. तासाभराने बाई बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

"हा कुठून आणलात? तंतूंनी खच्चून भरलाय. आणि रंग गुलाबी आहे. वर कसलासा चंदेरी कागद चिकटलाय."

त्याने तिथूनच भाचीला फोन केला. "भिंतीला हात लावू नका. गवंड्याला नको म्हणून कळव. खोली बंद ठेवा." ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मामा, हे चिमीला घेऊन आलेत. खोली आता गार पडलीय. चिमी आत जाऊन आरडाओरडा करून आली." फोन ठेवताना तिने जेवायला ये म्हटलं नाही, आणि तो ते समजून होता.

परतीच्या वाटेवर बायकोचा फोन आला. त्याने गाडी कडेला घेतली.

"कुठे पोचलात?"

"येतोय. अर्ध्या तासात."

"ऐकू येत नाही नीट. इतकं हळू का बोलताय?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की एरवी मागच्या सीटवर टाकायची हत्यारांची पिशवी आज त्याने शेजारच्या सीटपुढे कोंबली होती, आणि वाटेतला प्रत्येक खड्डा अगदी जपून घेतला होता.

आरशात न बघता त्याने हात लांब केला आणि मागची खिडकी वर घेतली. झोपेत वारा लागत असणार.