चवीपुरतं खोटं

"थांबा! एक पाऊलसुद्धा पुढं यायचं नाही!"

माझ्याच आवाजानं मी दचकले. समोरचा माणूस मात्र थांबला... आणि हसला.

वाशी हे आमच्या तालुक्याचं ठिकाण. त्याच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा बंद होतं. सगळं जगच बंद होतं म्हणा. वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. पहाऱ्याला माझे बाबा असायचे - उत्तरेश्वर, ग्रामसमितीचे सदस्य आणि अख्ख्या तालुक्यातला सगळ्यात संशयी माणूस. ते जेवायला घरी गेले, तेवढ्यापुरती त्यांची काठी माझ्या हातात आली होती. संशय मात्र माझा स्वतःचा. तो मला त्यांच्याकडूनच आलाय, नाकासारखा.

"कोण तुम्ही?"

"रणधीर. इरम्माचा पोरगा. दुबईहून आलोय."

"हात दाखवा."

त्यानं डावा हात वर केला. विमानतळावर मारलेला शिक्का अजून ताजा दिसत होता.

"दुसरा?"

"दुसऱ्यावर काहीच न्हाय हो."

"तरी दाखवा."

"पायबी दाखवू का?"

मास्कमुळं चेहरा कळत नव्हता. डोळे तेवढे दिसत होते आणि ते हसत होते. ज्याला स्वतःचं गाव आत घेत नाही, त्याला हसू कसं येतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

त्याची आई, इरम्माकाकू, लेकीकडं तामलवाडीला गेल्या होत्या आणि तिकडंच अडकल्या होत्या. घराला कुलूप, शेजारी घाबरलेले. शेवटी समितीनं त्याला शाळेत ठेवायचं ठरवलं. शाळेला सगळ्यात जवळचं घर आमचं, म्हणून डबाही आमच्याकडं आला. बाबांनी पहिल्याच दिवशी फाटकाबाहेरून दम भरला.

"ए पोरा! खाण्याला नावं ठिवलीस तर उद्यापासनं मी डबा घिऊन येईन. नुसती भाकरी आन ठेचा. कळलं का?"

त्याच दिवशी आमच्या चुलीपाशी घोटाळा झाला. आमटीत आईनं मीठ घातलंय असं मला वाटलं, मी घातलंय असं आईला. डबा शाळेच्या भिंतीवर ठेवून मी घरी आले, पहिला घुटका घेतला आणि कपाळाला हात लावला. संध्याकाळी डबा आणायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "जेवण... बरं होतं का?"

"आमटी एक नंबर!" भिंतीपलीकडच्या कडुलिंबाला टेकून तो म्हणाला.

दुबईतल्या हॉटेलात आचारी होता तो. अळणी आमटीला एक नंबर म्हणणारा आचारी? कुठंतरी पाणी मुरत होतं.

तरी डबा मीच नेत राहिले. ठेवून लगेच परतावं, तर पाय निघत नसे. तो लिंबाखाली, मी भिंतीच्या अलीकडं, दोघांच्या मध्ये चांगलं बैलगाडीभर अंतर. लिंबाचा मोहर टपटप गळायचा आणि तो त्याच्या हॉटेलातल्या सोबत्यांच्या गोष्टी सांगायचा. सगळे आपापल्या देशांत जाऊन घरांत कोंडले गेले होते आणि रोज संध्याकाळी याला फोन करत होते.

"स्पेनात काय चाललंय म्हाइतंय का? घराबाहेर पडायचं न्हाय, पण कुत्रं फिरवायला चालतंय. आमच्या पाब्लोचं एकच कुत्रं, सगळ्या इमारतीतली माणसं मागून नेत्यात. दमून गेलंय बिचारं."

"आमच्याकडं म्हैस घेऊन निघतात."

"पनामात तर एक दिवस बायकांनी बाहेर पडायचं, एक दिवस गड्यांनी."

"अगं बाई! मग तिथल्या पोरापोरींनी भेटायचं कधी?"

त्यानं भिंतीवरच्या डब्याकडं बघितलं. "डबा देता-घेता..."

मी डबा उचलला आणि सरळ चालू लागले. गाल तापले होते, तोंडावर ओढणी होती म्हणून बरं. पण घर येईपर्यंत संशयानं डोकं वर काढलंच. एवढं गोड बोलणाऱ्याला सवय असते. आजवर किती भिंतींपाशी बोललाय, कोण जाणे!

एकदा तर त्याच्या फोनमधून बाईचं खळखळून हसणं ऐकू आलं.

"कोण हो?" मी अगदी सहज विचारलं. म्हणजे, सहज विचारल्यासारखं.

"मारिसा. मनिलाची. आमच्याकडं केक करायची."

"अस्सं."

"चार नातवंडं हायेत तिला."

"मी कुठं विचारलं?"

तो हसला. मीही हसले असते, पण पुढचं वाक्य ऐकलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"इटलीत आमचा मोठा आचारी आजारी पडलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "ताप न्हाय, खोकला न्हाय. सकाळची कॉफी प्यायला आन चवच लागंना. गरम पाणी पिल्यागत. तपासलं तर तोच रोग निघाला."

चवच लागेना...

अळणी आमटी. एक नंबर.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या डब्यातल्या आमटीत दुप्पट मीठ घातलं. "आज तर लईच भारी!" त्याच्या पुढच्या दिवशी वांग्याच्या भाजीत मूठभर साखर टाकली. डबा चाटूनपुसून परत आला.

मी हादरले. आमचा डबा आई धुवायची आणि आईला दमा होता. त्या दिवसापासून डबा मी तिच्या हातून काढून घेतला आणि उकळत्या पाण्यात टाकू लागले. बाबांना सांगावं, तर दवाखान्याची गाडी येणार, सगळं गाव फाटकाशी जमणार आणि इरम्माकाकूंना पुन्हा या गावात कुणी उभं करणार नाही. तेही नुसत्या माझ्या संशयावरून. न सांगावं आणि आईला काही झालं तर? आणि त्याला काही झालं तर? या शेवटच्या विचारापाशी माझं मलाच सगळं कळून चुकलं.

शेवटी एका संध्याकाळी मी रात्रीचा डबा भिंतीवर ठेवला नाही. हातातच धरून उभी राहिले.

"खरं सांगा. वांग्याची भाजी कशी होती?"

"झकास!"

"रणधीर..." मी पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. "माझ्या आईला दमा आहे. तुम्हाला चव लागते की नाही?"

त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. एकेक गोष्ट उलगडत गेल्यासारखी त्याची नजर बदलत गेली.

"म्हंजी... तुमाला वाटलं मला..." त्यानं डोक्याला हात लावला. "अवो, पहिल्या दिवशी मीठच नव्हतं! दुसऱ्या खेपेला इतकं, की रात्रीपतुर पाणी प्यायलो. वांग्यात साखर होती. परवाचं धपाटं एका बाजूनं कच्चं, तवा तापू देत न्हाय तुमी. शेंगाचटणीत लसूण जळला होता. आन भात..."

"भाताचं काय?"

"खिमट झालं होतं, पण चांगलं लागलं."

माझ्या स्वयंपाकाला इतकी नावं आजवर कुणी ठेवली नव्हती. आणि इतकं बरंही मला आजवर कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसायला हात वर नेला आणि मग आठवलं, तोंडाला हात लावायचा नाही. मी तशीच रडत उभी राहिले, आणि त्याला जवळ येता येईना.

"मग खोटं का बोललात?"

"तुमच्या बाबांनी सांगितलं होतं ना... नावं ठिवली तर उद्यापासनं ते डबा आणणार." तो खाली बघत म्हणाला. "मला डबा तुमीच आणायला पायजे होता."

"म्हणजे खोटं बोलायची सवय आहे तुम्हाला!"

"चवीपुरतं."

मला हसू फुटलं, पण मी ते गिळलं. इतक्या सहजी विश्वास ठेवला, तर मी उत्तरेश्वरांची मुलगी कसली! तो म्हणाला, मी आता परत जाणार नाही, वाशीत खानावळ टाकीन. म्हणाला, तुमच्या घरी आईला पाठवीन. ऐकायला सगळं गोडच होतं. पण अळणी आमटीही त्यानं अशीच गोड मानून घेतली होती की!

"भिंतीआडून काहीही बोलता येतं," मी म्हणाले. "आमच्या बाबांच्या तोंडावर खरं बोलून दाखवाल, तेव्हा मानीन."

पुढं त्याची शाळेतली मुदत संपली, वेशीवरच्या काट्या निघाल्या आणि इरम्माकाकू तामलवाडीहून परत आल्या. लेकाला घेऊन त्या आमच्याकडं आल्या. आभार मानायला, असं म्हणाल्या. त्यांच्या पिशवीतून नारळ डोकावत होता. आईनं त्यांना जेवायलाच बसवलं.

वाढायला मी होते. चार वाट्यांत आमटी वाढली. रणधीरची वाटी मात्र मी वेगळ्या पातेल्यातून भरली.

"आमटी कशीय रे पोरा?" बाबांनी विचारलं. "शिवांजलीनं केलीय."

रणधीरनं घुटका घेतला आणि त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात मी उभी होते. ज्या माणसाकडं मुलगी मागायला आलाय, त्याच्याच घरच्या अन्नाला नाव ठेवायचं...

"काका," तो म्हणाला, "आमटीत मीठ न्हाय."

"रणधीर!" इरम्माकाकूंनी डोळे वटारले. "लोकाच्या घरी बसून अन्नाला नावं ठिवतूस व्हय?"

बाबांनी आपली आमटी भुरकली. "माझ्यात तर हाय." आईनं चाखली, काकूंनी चाखली. मग सगळ्या नजरा सावकाश माझ्याकडं वळल्या.

"शिवे," बाबांचा आवाज मी चांगला ओळखते, "ह्याच्याच वाटीत मीठ न्हाय, हे कसं काय?"

आजवर मी सगळ्यांवर संशय घेत आले होते. आज तो माझ्यावर उलटला होता. 'चुकून' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण समोरचा माणूस नुकताच सगळं पणाला लावून खरं बोलला होता.

"मुद्दाम घातलं नाही, बाबा."

"का?"

"बघायचं होतं... तुमच्यासमोर खरं बोलतात का."

"आन बोलला खरं, तर तुला काय त्याचं?"

"तर..." मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "तर मला त्यांच्या घरी आमटी करायची आहे."

आई ताटाकडं बघत होती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता. बाबांनी एकदा रणधीरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आणि ज्याच्या डब्याला त्यांनी कधी हातही लावला नव्हता, त्याच्या वाटीत त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अळणीच हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मिठाची वाटी हळूच त्याच्या ताटाकडं सरकवली.

"घ्या, रणधीरराव... चवीपुरतं."

'ए पोरा'चं 'रणधीरराव' झालेलं सगळ्यांनीच ऐकलं. इरम्माकाकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. रणधीरनं मिठाकडं हात नेला, पण मीठ घ्यायचं विसरला आणि माझ्याकडं बघत सगळी वाटी अळणीच भुरकून टाकली.

"कशी होती?" मी विचारलं.

"एक नंबर!"

आणि या वेळी मला जराही संशय आला नाही.