कोच ड्रिस्कॉल यांची शेवटची खूण

"गाव म्हणतंय चूक क्लेटनची. मी म्हणते कोचची. आणि याचा सूड मी उगवणारच," लोरेटाने कुंपणावर मूठ आपटली.

"उगव की. पण आधी पुरावा शोध," तिची मैत्रीण मॅरिसोल म्हणाली. "नाहीतर आपलीच धुलाई व्हायची."

लोरेटाचा भाऊ क्लेटन हा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे कोचच्या खुणेनुसार चेंडू फेकणारा किंवा घेऊन पळणारा. शुक्रवारी शेवटच्या चालीत गोलरेषा हाताच्या अंतरावर होती. चेंडू पोटाशी धरून नुसतं घुसायचं, तर याने तो फेकला, तोही थेट वैऱ्याच्या हातात. सामना गेला. कोच ड्रिस्कॉल गावभर सांगत सुटले, "मी 'पळा' अशी खूण केली होती. पोराने आपली अक्कल पाजळली." आता पुढच्या सामन्यात क्लेटन बाकावर बसणार होता.

"त्यांनी टोपीला हात लावला, म्हणजे पळा," क्लेटन घरी उशीत तोंड खुपसून बहिणीला आणि मॅरिसोलला म्हणाला. "पण मग पोट चोळलं. पोट म्हणजे फेका. शेवटची खूण खरी, हा नियमही त्यांचाच."

मॅरिसोल ताडकन उठली. "मी बँडबरोबर त्यांच्या मागेच होते. मध्यंतरात त्यांनी चिलीचं इतकं तिखट कालवण चापलं, की कानांतून निघालेल्या धुराने गुणफलक दिसेना. ती खूण नव्हती गं, जळजळ होती!"

थँक्सगिव्हिंग सणाच्या गावजेवणात चिलीचा डाव लोरेटाने स्वतःच्या हाती घेतला.

"कोच, अजून थोडी?"

"वाढ, पोरी, वाढ."

वाडग्यामागून वाडगे गेले. मग ती गोड आवाजात म्हणाली, "कोच, हिरवळीवर पोरं उभी आहेत. एक चाल सांगा ना. खुणा नेहमीच्याच."

कोचनी ऐटीत टोपीला हात लावला. आणि मग तो हात आपसूक पोटावर जाऊन गोल गोल फिरू लागला. पोरं सशासारखी सुटली, क्लेटनने चेंडू फेकला.

"गाढवांनो, पळा म्हणालो होतो! फेकायला सांगितलं कोणी?"

सगळ्या संघाने त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं. हात अजून फिरतच होता. असा हशा उसळला, की ताटातले भाजलेले टर्की पक्षीसुद्धा दचकले म्हणतात.

"ड्रिस्कॉल, शुक्रवारीही हेच झालं?" मुख्याध्यापिका प्रुइटबाईंनी विचारलं.

कोचनी मान खाली घातली. "झालं असेल. चूक माझी. क्लेटनच खेळेल."

"अशी युक्ती मोठ्यांनाही सुचत नाही, पोरी," प्रुइटबाईंनी लोरेटाची पाठ थोपटली.

लोरेटाचं मन मात्र अजून भरलं नव्हतं. "कोच, मागच्या टेबलांना ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने सांगता?"