कोल्ड रूममधला सनशेड

"बॅटरी फुगलीय. गाडी गेली," वर्कशॉपमधल्या तान्याने फोनवर एवढंच सांगितलं.

सनद भागातल्या त्या वर्कशॉपवर शुभदा पोहोचली तेव्हा कोल्ड रूमचं दार सताड उघडं होतं. आत ती इवलीशी इलेक्ट्रिक गाडी. कॅनडाच्या शहरांत विकायची, म्हणून बहरैनच्या उकाड्यात या बिनखिडकीच्या खोलीत तिची थंडीची चाचणी चाललेली. ती पाहायला टोरोंटोची मंडळी उद्या येणार होती.

निकाल मात्र आधीच लागला होता. मॅनेजर गुरुप्रसादने ड्रायव्हर वकारचं कार्ड काढून घेतलं होतं. म्हणे वकारने कूलिंग वाढवलं, थंडीने बॅटरी गेली, व्हिसा कॅन्सल, खलास.

शुभदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसत्या थंडीने बॅटरी अशी फुगत नाही; ही उष्णतेने फुगली होती, आणि ते या इंजिनिअर माणसाला कळत नव्हतं?

"गाडी बाहर किसने निकाली?" तिने वकारला विचारलं.

"मैंने नहीं, मॅडम. गुरुवार को आपके सामने अंदर रखी. फिर दो दिन छुट्टी थी."

तेही खरंच होतं. गाडी आत ठेवल्यावर शुभदानेच फोटो काढून टोरोंटोला पाठवला होता. तिने तो मोबाइलवर उघडला. फोटोत पुढची काच मोकळी होती. आता काचेमागे चंदेरी सनशेड होता, दोन्ही टोकं दुमडून कोंबलेला.

कोल्ड रूमच्या चाव्या वकार, तान्या आणि गुरुप्रसाद या तिघांकडे होत्या. वकार कंपनीच्या बसने यायचा. बाहेर तान्याच्या गाडीत तिचा सनशेड जागच्या जागी होता. पलीकडे गुरुप्रसाद आपली जीप सावलीत घेत होता, तापलेल्या स्टिअरिंगवर रुमाल धरून.

तो आत आल्यावर शुभदाने तान्या आणि वकारला घेऊन त्याची केबिन गाठली.

"सर, तुमचा सनशेड कुठाय?"

"घरी राहिला असेल. का?"

"कोल्ड रूममध्ये आहे. तिथे ऊन कुठून येणार? पण गाडी बंद केली की इथे प्रत्येकाचा हात आपोआप सनशेडकडे जातो. सुट्टीत ही गाडी उन्हात उभी होती. तेव्हा तुम्ही तिला जीपचा सनशेड लावलात. मोठा पडला म्हणून टोकं दुमडलीत. परत आत आणलीत आणि सवयीने पुन्हा लावलात."

गुरुप्रसादने घाम पुसला. बुदैया गावातल्या आपल्या व्हिलावर जेवायला माणसं होती, त्यांना दाखवायला गाडी नेली, दुपारभर बाहेर चार्जिंगला राहिली, असं तो पुटपुटला. मग इंग्रजी सोडून तो हळू आवाजात मराठीत बोलू लागला. वकारचा व्हिसा राहू दे. टोरोंटोला सांगू, कूलिंगचं मशीन बिघडलं. "आपण दोघं पुण्याचे, शुभदा."

"आधी वकार, आता मशीन. उलट बोलणार नाही तेच बरं सापडतं तुम्हाला."

तिने मघाशी काढलेला सनशेडचा फोटो, घडलेलं सगळं लिहून, टोरोंटोला पाठवला. टेबलावरचं कार्ड उचलून वकारच्या हातात दिलं.

"आता माफी मागा, सर. हिंदीत. त्याला कळेल अशी."