डाव्या पिळाचा सांधा

"भीक मागायलाच निघाला असाल, तर मागच्या दाराने जा. पुढच्या दारातून माझा दादा ताठ मानेने जायचा-यायचा."

ती हे बोलली तेव्हा तिचा नवरा स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. माणूस डावरा, नाडीची गाठसुद्धा जगाच्या उलट मारायचा. त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या बुटाची नाडी आवळली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, "तुलाही बोलावलंय त्यांनी. तेव्हा दार तूच ठरव."

बोलावलं होतं हे खरं. पलटणीच्या जुन्या नोंदी जिथे सांभाळतात त्या कचेरीत त्याचा अर्ज गेला होता. लिहिला लेकीने, सही त्याची. मागणं फार मोठं नव्हतं. लढाईत आपणही नदी ओलांडून पलीकडे गेलो होतो, तशी दुरुस्ती नोंदीत व्हावी, आणि पलीकडे गेलेल्या प्रत्येक जवानाच्या छातीवर जे साधं पदक लागलं, ते आपल्यालाही मिळावं... एवढंच.

पण तिला त्या अर्जाची लाज वाटत होती. उतारवयात, केस पिकल्यावर, हा माणूस पितळेच्या तुकड्यासाठी कचेरीचे जिने चढणार! आणि तेही खोटं सांगून! कारण त्या दिवसाची हकीकत तिला तोंडपाठ होती. दादा आणि तिचा नवरा एकाच तुकडीत, टेलिफोनची तार टाकणारे आणि जोडणारे. नदीकाठच्या खंदकात दोघांची जोडी. भर धुक्यात तोफगोळा पडला, पलीकडच्या काठावर तार तुटली, आणि पुढे गेलेली सगळी कंपनी मुकी-बहिरी झाली. पाळी दादाची होती. दादा कमरेला तार बांधून बर्फासारख्या पाण्यात उतरला, गोळे पडत असताना पलीकडे जाऊन त्याने सांधा मारला, आणि त्या तारेवरून गेलेल्या एका निरोपाने कंपनी वाचली. नवरा? नवरा अलीकडे, खंदकात, कानाला रिसीव्हर लावून बसलेला.

दादाला शौर्यपदक मिळालं. साहेबाने त्या सांध्याचा वीतभर तुकडाही कापून त्याला आठवण म्हणून दिला. पदक आणि तो तुकडा एकाच चौकटीत, काचेखाली, मखमलीवर बसवून तिच्या बाहेरच्या खोलीत टांगलेले होते. दादाने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं तो बहिणीकडेच राहिला आणि तिथेच गेला. आई-बाप तिला फार लवकर सोडून गेलेले. माहेर म्हणून जे काही होतं, ते त्या चौकटीत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नदीची गोष्ट रंगवून सांगायची. सांगायची ती, दादा नव्हे. ती सुरू झाली की दादा उठून मागच्या अंगणात जायचा. किती हा विनय, असं तिला वाटायचं, आणि ती आणखी फुलून सांगायची. गल्लीने तिचं नावच पाडलं होतं, पदकताई. दूधवाला, शिंपी, समोरची डॉक्टरीण, सगळ्यांची ती पदकताई. ती कुणाची बायको आहे हे कुणी विचारत नसे, आणि तिलाही ते सांगायची घाई नसे.

दरवर्षी जुन्या सैनिकांचा मेळावा भरायचा. पुढे खुर्च्या, त्या पदकवाल्यांच्या. मागे दोरी, दोरीमागे बाकीचे. दादा गेल्यापासून ती चौकट मेळाव्याला नवऱ्याच्या हाती पाठवायची. तो ती पुढच्या टेबलावर ठेवायचा आणि दोरीमागे उन्हात जाऊन उभा राहायचा. गेल्या खेपेला एका तरण्या अधिकाऱ्याने त्याला आदराने विचारलं, "काका, तुम्ही त्यांचे नातेवाईक का? फौजेशी तुमचा स्वतःचा काही संबंध?"

"थोडाफार," तो म्हणाला.

हे लेकीच्या कानावर पडलं, आणि अर्ज त्यातून निघाला.

कचेरीतल्या बाई वयाने लेकीएवढ्या होत्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं मऊ. लेकीसह तिघांना समोर बसवून त्यांनी समजावून सांगितलं की त्या दिवशी नदीपलीकडे त्या जोडीतला एकच माणूस गेल्याची नोंद आहे. काका म्हणतात, दोघे गेलो. दुसरा तर हयात नाही. तेव्हा त्याच्या सख्ख्या बहिणीला विचारायचं एवढंच, की भावाने कधी असं काही सांगितलं होतं का?

नवरा खाली फरशीकडे पाहत होता. लेक आईकडे पाहत होती. एक शब्द... 'हो' म्हणायला असं काय लागणार होतं? पण तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली चौकट काढली, टेबलावर उभी केली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा दादा एकटा गेला होता. हे इकडे टेलिफोनपाशी बसले होते. मेलेल्या माणसाच्या वाट्यातलं मी कुणाला देणार नाही, मग तो माझा नवरा का असेना."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. मग तर माझ्या हातात काही राहत नाही, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली, "बरोबर आहे तिचं" एवढंच पुटपुटला, आणि उठताना चौकट पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळून त्यानेच पिशवीत ठेवली.

परतीच्या बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घेतली. लेक खिडकीकडे तोंड करून बसली. एका खड्ड्यात बस अशी आदळली की पिशवी समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटली आणि आत काहीतरी कडकन वाजलं.

घरी येऊन पाहते तर काचेचे तुकडे झालेले! स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ती एक-एक काच उचलू लागली. पदक काढून पुसलं. मग तारेचा तो तुकडा. इतकी वर्षं चौकट पुसली, पण ती काचेवरून. तारेला तिचं बोट कधी लागलं नव्हतं. सांध्यावरची चिकटपट्टी कधीच वाळून गळून गेली होती आणि उघडी तार तेवढी उरली होती. काचेची कुसं राहिली असतील म्हणून तिने चिमटीत फडकं धरून ते सवयीने सांध्यावरून सरकवलं, उजवीकडून डावीकडे... आणि फडकं कुठेही न अडता सुळकन पार गेलं.

तिचा हात थांबला.

ही सवय तिला लागली होती कपड्यांच्या तारेमुळे. पलटण सोडल्यावर नवरा टेलिफोनखात्यात लाइनमन झाला. टाकाऊ तारेचे तुकडे जोडून त्याने मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला तार बांधून दिली होती. त्याचे सांधे डाव्या पिळाचे. ओला कपडा उजवीकडून डावीकडे सरकवला तर अलगद जायचा. उलट सरकवला तर तारेची टोकं धागा ओढायची. सुरुवातीला तिने पुष्कळ बोल लावले, "सरळ माणसासारखं काही येतच नाही तुम्हाला." पुढे हातच वळला. एकदा मध्येच तार तुटली आणि नवरा कामावर होता, तेव्हा दादाने ती जोडून दिली होती. दादाचा तो एक सांधा उजव्या पिळाचा, प्रशिक्षणात शिकवतात तसा. तिथे तिचा कपडा नेहमी अडकायचा. कितीतरी चादरींचे धागे त्याने ओढले. पण ती कौतुकाने म्हणायची, शूराचा हात आहे, पीळ घट्टच बसणार!

ती तो तुकडा घेऊन अंगणात गेली. नवऱ्याच्या सांध्यावरून फडकं सरकवलं. गेलं. दादाच्या सांध्यावरून सरकवलं. अडकलं. मग हातातल्या तुकड्यावरून... गेलं. तुकडा उलटा धरून पाहिला, तरी पिळाची वळणं नवऱ्याच्या सांध्यासारखीच डावी. ती पुन्हा पहिल्या सांध्याकडे आली, पुन्हा दुसऱ्याकडे गेली. मागच्या पायरीवर बूट काढत बसलेला नवरा तिच्या त्या येरझाऱ्या पाहत होता.

"पीळ सगळे सारखेच असतात गं," तो म्हणाला. आयुष्यात त्याला धड खोटं बोलता आलं नव्हतं.

"हा सांधा कुणी मारला?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"तुम्हाला माझी शपथ आहे. हा कुणी मारला?"

मग त्याने सांगितलं, तेही दादाची बाजू घेत घेत. दादा भित्रा नव्हता, हे त्याने तीनदा सांगितलं. आदल्याच आठवड्यात त्याच नदीत दादाच्या डोळ्यांदेखत एक सोबती वाहून गेला होता. पाळी दादाचीच होती, तार त्याने कमरेला बांधलीही होती. पण पाण्याच्या कडेला त्याचे पाय उचलेनात. "मी म्हटलं, तू बस टेलिफोनपाशी, मी येतो जाऊन. एवढंच झालं." आणि नाव? तर तारेवरून बोलताना ज्याची पाळी असेल त्याचंच नाव सांगायचं, असा तुकडीचा रिवाज. नाहीतर तारेवर ऐकणारा साहेब पाळीशी नाव ताडून पाही आणि गोंधळ उडे. सांधा मारून त्याने चाचणीचा टेलिफोन लावला, आणि रिवाजाप्रमाणे दादाचं नाव सांगून म्हणाला, तार जोडली. साहेबाने ते नाव ऐकलं, तेच वर कळवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पलटणीसमोर त्याने दादाला मिठी मारली...

"त्याला खरं सांगायचं होतं गं. पण सगळे टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात नाही सांगता आलं. आणि तेवढ्यात नाही सांगता आलं की मग पुढे सांगता येत नाही."

"आणि तुम्ही? माझी इतकी बोलणी खाल्लीत... भांडणात तरी तोंडून निघायचं होतं!"

"त्याला शब्द दिला होता. जाताना तो म्हणाला, आता सांग तिला. पण तुझं माहेर म्हणून तेवढंच तर होतं भिंतीवर. ते मी कसं उतरवू?"

ती पायरीवर बसली. तिला आठवला लग्नाचा दिवस. शूर भावाने बहिणीसाठी हा अबोल, पदक नसलेला माणूस निवडला म्हणून ती रुसली होती. तेव्हा दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, "माझ्यापाशी याच्याहून मोलाचं काही नाही तुला द्यायला." गरिबाची पळवाट, असं वाटलं होतं तिला! आता त्या शब्दांचा अर्थ तिच्या अंगावर उकळत्या पाण्यासारखा सांडला. दादाला ठाऊक होतं. जगात एकट्या दादालाच ठाऊक होतं, की हा माणूस कोण आहे. आणि ती... तीच चौकट ती दरवर्षी याच माणसाच्या हाती देऊन याला दोरीमागे उभं करत आली होती. "नीट धरा, पाडाल," असंही बजावत होती!

तिने त्याच्या पायांना हात लावायला वाकावं, तर त्याने पाय मागे घेतले. "बूट काढलेत नुकते. वास येतो," तो म्हणाला. आणि तिला त्याही क्षणी हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की लेक धावत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या दाराने निघाली, पदक आणि तारेचा तुकडा टॉवेलात बांधून. कचेरीतल्या बाईंना तिने सगळं सांगितलं. कपड्यांच्या तारेचे दोन सांधेही लेकीने कापून आणले होते. बाईंनी ते हाताने फिरवून पाहिले आणि सावधपणे विचारलं, "आजी, हे नोंदीत गेलं तर भावाचं पदक परत घेतलं जाऊ शकतं. त्यांच्या नावालाही बट्टा लागेल. विचार केलाय ना?"

"काल मी तुमच्यासमोर खोटं बोलले," ती म्हणाली. "मला ते खरं वाटत होतं, म्हणून ते खरं होत नाही. लिहा तुम्ही. आणि हेही लिहा, की भावाला आयुष्यभर याची लाज होती. माझी गोष्ट सुरू झाली की तो उठून जायचा. मला आत्ता कळलं, का जायचा ते."

बाहेर कचेरीच्या व्हरांड्यात, सोबत आलेला नवरा तिच्यावर चिडला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चिडला. आपलं मागणं एवढं नव्हतं, मेलेल्याला कशाला हलवलंस, असं पुष्कळ बोलला. तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

मोठ्या पदकाचा निकाल अजून वरच्या टेबलांवर फिरतो आहे. कदाचित तो फिरतच राहील. पण नदीपलीकडचं ते साधं पदक पुढच्या मेळाव्याआधी आलं. लेकीने ते बापाच्या कोटावर लावलं. तो मैदानात शिरला तेव्हा त्याच तरण्या अधिकाऱ्याने त्याला ओळखलं, सलाम ठोकला, आणि हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. शेजारची खुर्ची तिच्यासाठी होती.

ती गेली नाही. दोरीमागे, जिथे तो इतकी वर्षं उभा राहायचा, तिथे जाऊन ती उभी राहिली. गल्लीतला शिंपी भेटला. "काय पदकताई, यंदा चौकट नाही पाठवली?"

"मी पदकताई नाही हो," ती म्हणाली. मान वर होत नव्हती, पण आवाज फुटला. "मी त्या लाइनमनची बायको. तो पुढे बसलाय बघा, तो."

पुढे भाषण सुरू झालं होतं. नवऱ्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग वळून मागे पाहिलं. थोडा वेळ तो तसाच चुळबुळत बसला. मग भर भाषणात उठला, कोट सावरत, गुडघे धरत रांगेतून बाहेर आला, आणि दोरीखालून वाकून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"अहो, जा ना पुढे," ती कळवळून म्हणाली. "इतक्या वर्षांनी मिळालीय ती खुर्ची..."

"तिथे एकट्याला करमत नाही," तो म्हणाला, आणि सूर्य तिच्या डोळ्यांवर येत होता म्हणून डावा हात तिच्या कपाळापुढे आडवा धरून, भाषण ऐकू लागला.