कारण लेखी द्या

दुकानाचा दरवाजा वाऱ्याने उघडला असं कानाएला वाटलं. पण वाऱ्यामागोमाग एक तरुण आत आला. अंगात कारखान्याचा निळा डगला, केस विस्कटलेले, खांद्यावर मोडकी सायकल.

"ही नीट होईल का?"

कानाएने आधी सायकलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हिचं नीट व्हायचं वय गेलं. तुमचं अजून आहे. हेल्मेट घालत जा."

तो हसला. "मग दुसरी द्या, स्वस्तातली. आणि बोलणी फुकट असतील तर तीही द्या."

त्याचं नाव क्वान. व्हिएतनामहून जपानमधल्या हामामात्सुला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. कानाएने वडिलांच्या त्या दुकानातली एक हिरवी सायकल काढली. म्हाताऱ्या ओकुमोतो-सानांनी ती भंगारात टाकायला म्हणून आणून ठेवली होती. तिने चेनला तेल घातलं, वाकडी बास्केट सरळ केली... आणि एक गोष्ट विसरली. जुनी सायकल विकली, की पोलिसांकडची नोंद नव्या मालकाच्या नावावर करायची असते. पण तो दारातून वळून बघत होता, आणि ती — आपण बघतच नाही असं दाखवण्यात गुंतली होती.

तीन आठवड्यांनी तो चालत आला.

"सायकल?"

"हरवली."

"हरवली? सायकल होती की हातरुमाल?"

पुढची दहा मिनिटं तिने त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो मान खाली घालून, पण मोठ्या समाधानाने ऐकत राहिला. नवी सायकल घेऊन गेला, आणि मग दर शनिवारी यायला लागला. कधी ब्रेक, कधी घंटी, कधी नुसताच एक नट.

"या मुलाची सायकल फार आजारी असते बुवा," वडील म्हणाले.

लग्नाआधी क्वानने एक गोष्ट सांगितली. एकदा रस्त्यात पडलेली सायकल उचलली म्हणून पोलिसांनी त्याला अटक करून दोन दिवस आत ठेवलं होतं, मग समज देऊन सोडलं. आपण होऊन सांगितलं हेच कानाएला मोठं वाटलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली, मुलगी लिन आठ महिन्यांची झाली, तेव्हा त्यांनी क्वानच्या कायम वास्तव्याचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक चौकोन होता: पूर्वी पोलीस कारवाई झाली आहे का? असल्यास तपशील द्या. या चौकोनापायी कानाएला आठवडाभर घास गोड लागत नव्हता. लपवलं आणि उघडकीस आलं, तर आहे तो व्हिसाही जायचा. सांगितलं आणि अर्ज फेटाळला, तर दर खेपेला व्हिसा वाढवताना तीच धाकधूक — लिनच्या बापाला इथे राहू देतील ना?

"तारीख?" कानाएने पेन उचलत विचारलं.

"चौदा ऑक्टोबर."

"सायकलचा रंग?"

"तो कशाला?"

"तपशील मागितलाय."

"...हिरवा."

कानाएचं पेन थांबलं. "बास्केट होती?"

क्वान लिनला मांडीवर नाचवत राहिला.

"क्वान, ती मी विकलेली होती. नोंद मी बदलली नाही. ओकुमोतो-सान विसरले असतील आणि चोरीची तक्रार केली असेल... तू दोन दिवस आत होतास, आणि मी वर तुला हातरुमाल ऐकवला!"

"ते मला आवडलं होतं."

"मग रस्त्यात सापडली असं का सांगितलंस?"

"झालं गेलं. पोलिसांकडे जे आहे तेच लिही. वेगळं लिहिलंस तर दोघंही खोटे ठरू."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी कानाएने लिनकडे पाहिलं आणि लिहिलं: सायकल मी विकली. नोंद बदलायला मी विसरले. चूक माझी. वडिलांनी खाली दुकानाचा शिक्का मारला.

इमिग्रेशन ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "यांनी पोलिसांना वेगळं सांगितलं होतं. का?"

क्वानचे कान लाल झाले. "दुकानाचं नाव घेतलं असतं तर पोलीस तिथे गेले असते," तो काचेकडे बघत म्हणाला. "मग ही मला बघितलं की कमरेत वाकून माफी मागत राहिली असती. मला हिची माफी नको होती. बोलणी हवी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे... मला ही आवडत होती."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "कारण लेखी द्या. अर्जदाराच्या हस्ताक्षरात."

क्वान बाकावर बसून चार ओळी लिहीत होता. लिनला कडेवर घेऊन कानाए त्याच्या खांद्यावरून वाचत होती. इतक्या वर्षांत इतकी सरळ वाक्यं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. एक अक्षर चुकलं. तिने दाखवलं नाही.

अकरा महिन्यांनी मंजुरी आली. नवं कार्ड घेताना कानाए खिडकीशी वाकली. "तो एक कागद... परत मिळेल का?"

"नाही. तो फाइलला राहतो."

"निदान झेरॉक्स?"

"नाही."

क्वानने लिनला खांद्यावर घेतलं. "तोंडी सांगू? काय लिहिलं होतं ते?"

"सांग की," कानाए म्हणाली, आणि मागच्या माणसाला पुढे जाऊ देत रांगेच्या बाजूला उभी राहिली.