बावीसचा बूट

मी एका बूट कंपनीच्या प्रयोगशाळेत पायांची मापं घेते. या वेळी काम वेगळं होतं. कंपनीच्या मदतीनं एका धावपटूवर चित्रपट निघत होता, आणि पडद्यावर बुटावरचा कंपनीचा नारिंगी बाण किती सेकंद दिसतो, ते मला मोजायचं होतं. करारात नव्वद सेकंद होते.

चित्रीकरण हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावर होतं. धावपटू सुलक्षणा याच वाड्यावरची. शेळ्यांमागे पळत वाढली, सगळ्या शर्यती अनवाणी जिंकली. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं जाहिरातीसाठी तिला बूट घालून समोरच्या कातळावरून पळवलं. ती घसरली आणि गेली. चित्रपटात मात्र ती तेच बूट घालून राज्य स्पर्धा जिंकते.

तिचा पाय साडेतेवीस सेंटिमीटर होता. नमुन्याचा बूट बावीसचा. माप मीच घेतलं होतं, आणि कागदावर ‘चालेल’ असंही मीच लिहिलं होतं.

पहिल्याच दिवशी तिची आई फुलाबाई कंपनीच्या जाहिरात विभागातल्या सिद्धनाथसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“सायब, पोर गेली तवा आमी पीठ पसरलं, वर टोपली झाकली. धा दिस झालं तरी तिचं पाऊल उमटलं न्हाई. बुटात अडाकलंय ते. सिनेमात तरी तिला अनवाणी पळू द्या. म्हंजी सुटंल.”

वाड्यावर तशी रीत आहे. माणूस गेलं की संध्याकाळी पीठ पसरायचं, आणि सकाळी टोपली उचलून कसलं पाऊल उमटलं ते पाहायचं.

“मावशी,” सिद्धनाथ हसला, “अनवाणी पायावर आमचा बाण कुठं लावू? गोंदवून घेऊ का?”

सगळे हसले. मीही थोडी हसले.

“बरं,” फुलाबाई म्हणाल्या. “मग म्या परत पीठ पसरते.”

“आता कुणासाठी?”

“ज्याचं उमटंल त्याच्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी नेलं. उंबऱ्याच्या आत नाचणीचं पीठ, वर बांबूची टोपली. त्यांनी ती उचलली. एकच ठसा होता, उजव्या बुटाचा. टाचेत बाण. मी पट्टी लावली. अठ्ठावीसचा बूट. भोवतीचं पीठ अख्खं होतं. येणारं किंवा जाणारं दुसरं पाऊल नव्हतं. त्या मापाचा बूट आमच्यात एकट्या सिद्धनाथचा, आणि तो रात्रभर भोरच्या लॉजवर होता.

“टवाळकी आहे कुणाची तरी,” तो म्हणाला. पण दुपारी त्यानं बुटाच्या नाड्या सैल केल्या.

त्याच संध्याकाळी मी त्याचा बूट मागून घेतला आणि आतून मोजला. सव्वासत्तावीस. तिसऱ्या दिवशी पंचवीस. चामडं भिजून आटतं. हा बूट जाळीच्या कापडाचा होता आणि हवा कोरडी होती. मी दुसरी पट्टी आणली. पंचवीसच.

“तरी घालताय?”

“जातोय ना पाय!” तो खाली बघत नव्हता. “कंपनीचा माणूस चपलेत फिरला तर लोक काय म्हणतील?”

चौथ्या दिवशी कातळावर शेवटचं दृश्य होतं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, दगड कोरडा. बाण नीट दिसेल अशी जागा शोधायला सिद्धनाथ पुढे गेला. खाली फुलाबाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या.

“बूट काढा,” मी ओरडले.

“निघत नाहीयेत,” तो म्हणाला.

तो सपाट जागी उभा होता. मग नव्हता.

आम्ही खाली पोचलो तेव्हा श्वास थांबला होता. बूट कापून काढावे लागले. आतला शिक्का मी वाचला. बावीस.

पाय टाचेपर्यंत पूर्ण आत होता.

फुलाबाईंनी एवढंच विचारलं, “आता तरी?”

चित्रपट सिद्धनाथच्या स्मृतीला अर्पण झाला. बाकी काही बदललं नाही. सुलक्षणा बूट घालूनच पळते. मी दोनदा मोजलं, बाण त्र्याण्णव सेकंद दिसतो. परवा मी ‘मंजूर’ लिहून सही केली.

आज फुलाबाईंचा फोन आला.

“बाई, टोपली उचलली.”

“सुलक्षणाचं उमटलं?”

“न्हाई. बायमाणसाची सँडल हाय. तुमचा पाय केवढा वो?”

मी फोन ठेवला. खाली वाकून सँडलचा पट्टा एक भोक सैल केला.

सकाळीही केला होता.